‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे नेमके कोणते?

प्रयोगशाळेतलं यंत्र रक्तात काय बिघडलंय ते शोधत नसतं. चिठ्ठीवर जे लिहिलेलं असेल तेवढंच ते मोजतं. हिमोग्लोबिन लिहिलं तर हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन लिहिलं तर क्रिएटिनिन. त्याच रक्तात एचआयव्हीचा विषाणू असो, गर्भधारणेचं संप्रेरक असो की आदल्या रात्रीची दारू असो, कुणी विचारलंच नसेल तर रिपोर्टवर त्याचा मागमूसही नसतो.

हे माहीत नसल्यामुळे दोन उलट्या प्रकारचे गैरसमज होतात. एक जण निर्धास्त होतो. एवढं रक्त काढलं, सगळं नॉर्मल आलं, म्हणजे कॅन्सर, हृदय, एचआयव्ही सगळ्यातून सुटलो असं त्याला वाटतं. दुसरा धास्तावतो. ॲडमिट असताना रक्त घेतलं होतं, आता माझं पिणं किंवा गरोदर असणं घरच्यांना कळणार म्हणून त्याची वा तिची झोप उडते. दोघांनीही कोणत्या तपासण्या झाल्या ते पाहिलेलं नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

पायरी १ : तोंडी निरोपावर थांबू नका, छापील रिपोर्ट घ्या

‘ब्लड नॉर्मल आहे’ हे सिस्टरचं किंवा डॉक्टरांचं वाक्य घाईत दिलेला सारांश असतो. डिस्चार्ज कार्डावरही बहुतेक वेळा निवडक आकडेच उतरवलेले असतात. प्रयोगशाळेचा पूर्ण रिपोर्ट मागून घ्या आणि प्रत्येक तपासणीचं नाव, नमुना घेतल्याची तारीख व वेळ, आकडा, एकक आणि शेजारची ‘संदर्भ मर्यादा’ पाहा. नमुना कशाचा होता, रक्ताचा, लघवीचा की घशातल्या स्रावाचा, हेही तिथेच असतं.

चार-पाच नळ्या भरल्या म्हणून चार-पाच आजार तपासले असं होत नाही. प्रत्येक नळीत वेगळं रसायन असतं म्हणून नळ्या वेगळ्या. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. ती सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) यांसाठी. राखाडी टोपणाची नळी साखरेसाठी, कारण नळीत गेल्यावरही रक्तपेशी साखर खातच राहतात आणि ती तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. राखाडी नळीतलं फ्लोराइड हे खाणं रोखतं. फिकट निळी नळी रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं प्रमाण जमावं लागतं, म्हणून ती रेषेपर्यंत भरलेलीच लागते. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, अँटिबॉडी यांचं काम सहसा लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीतून होतं. आणि यातल्या कोणत्याही नळीत उरलेल्या रक्तावर प्रयोगशाळा आपणहून आणखी काही शोधत बसत नाही. डॉक्टरांनी नंतर एखादी तपासणी वाढवली तर उपयोगी पडावं म्हणून ते थोडा काळ ठेवतात आणि मग नष्ट करतात.

पायरी २ : नेहमीच्या तपासण्या काय सांगतात ते ओळखा

नेहमीचा संच म्हणजे सीबीसी, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि युरिया, सोडियम-पोटॅशियम, यकृताची एलएफटी. कधी लिपिड प्रोफाइल आणि लघवी.

सीबीसी सगळ्यांत जास्त होते आणि तिच्याबद्दलच्या अपेक्षाही सगळ्यांत जास्त असतात. ती पेशी मोजते: तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ च्या खाली आणि गरोदरपणात साधारण ११ ग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. पण रक्तक्षय का झाला ते सीबीसी सांगत नाही, फक्त दिशा दाखवते. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ८० ते १०० फेम्टोलीटरच्या मधे असावा. तो कमी असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचं सौम्य रूप). जास्त असेल तर बी-१२ किंवा फोलेट कमी, किंवा दीर्घकाळचं मद्यपान. एमसीव्ही बराच कमी आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर, असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घेतात आणि हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी करतात. मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या जोडप्यांनी ही ओळ दुर्लक्षू नये; दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे या दोषाचं गंभीर रूप, होण्याची शक्यता चारात एक असते.

सीबीसी कुठे फसवू शकते तेही माहीत हवं. अपघातात नुकताच खूप रक्तस्राव झाला असेल तर सुरुवातीचं हिमोग्लोबिन जवळपास नॉर्मल येऊ शकतं, कारण पेशी आणि पाणी दोन्ही सारख्याच प्रमाणात गेलेलं असतं. पुढच्या काही तासांत शरीरातलं किंवा सलाइनचं पाणी रक्तात मिसळतं आणि मग आकडा खाली येतो. उलट, काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमुळे नळीतच एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. १,५०,००० ते ४,५०,००० ही साधारण मर्यादा. कोणताही त्रास नसताना अचानक ४०,००० आल्या तर घाबरण्याआधी रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिली का, सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजल्या का, एवढं विचारा.

पांढऱ्या पेशी वाढल्या की जंतुसंसर्ग, हे अर्धसत्य आहे. स्टिरॉइड, शस्त्रक्रियेचा ताण, धूम्रपान यांनीही त्या वाढतात. आणि वाढल्या म्हणजे कोणता जंतू ते कळलं असंही नाही. सीआरपी आणि ईएसआर यांचंही तेच: शरीरात कुठेतरी दाह आहे एवढं त्या सांगतात, कुठे आणि कशाने ते नाही.

क्रिएटिनिनवर जरा जास्त बोलतो, कारण ‘किडनी नॉर्मल’ हा निष्कर्ष याच एका आकड्यावरून काढला जातो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. किरकोळ अंगाच्या, वयस्कर माणसात स्नायूच कमी, त्यामुळे मूत्रपिंडाचं निम्मं काम गेलं तरी आकडा मर्यादेत राहू शकतो. म्हणून क्रिएटिनिनवरून वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, पाहायचा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांत बिघाडाची पहिली खूण तर रक्तात नसतेच, ती लघवीत असते: अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. ॲडमिट रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा. क्रिएटिनिन सोमवारी ०.६ आणि बुधवारी १.०, हे दोन्ही आकडे अनेक प्रयोगशाळांच्या मर्यादेत बसतात, दोन्हींपुढे लाल खूण नसते. पण ४८ तासांत ०.३ ची वाढ झाली तर तिला मूत्रपिंडाची तीव्र इजा म्हणतात.

एलएफटीमधले एसजीपीटी आणि एसजीओटी यकृताच्या पेशी दुखावल्या आहेत का ते सांगतात. यकृत किती काम करतंय ते त्यांतून कळत नाही. कामाचा अंदाज अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर यांवरून येतो. फॅटी लिव्हर, एवढंच काय सिरोसिस असतानाही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतो. उलट कधी नव्हे तो जिममध्ये जड व्यायाम करून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर एसजीओटी स्नायूंमुळे वाढलेला दिसतो. आणि एलएफटी म्हणजे काविळीच्या विषाणूंची तपासणी नव्हे. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या वेगळ्या सांगाव्या लागतात.

साखरेचे आकडे बहुतेकांना पाठ असतात: उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ पासून मधुमेह, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर निदानाआधी खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात. आजारपणाच्या ताणाने ॲडमिट असताना साखर तात्पुरती चढते. ती आधीपासूनची आहे का हे एचबीएवनसीवरून समजतं. मात्र रक्तक्षय, थॅलेसेमिया किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर एचबीएवनसीवर विसंबता येत नाही.

लिपिड प्रोफाइलमध्ये एक खोच आहे. त्यातला एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) बऱ्याच ठिकाणी मोजलेला नसून सूत्राने काढलेला असतो आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते जुनं सूत्र चालत नाही.

पायरी ३ : यात काय नसतं ते समजून घ्या

एचआयव्ही. सीबीसीत तो दिसत नाही. शस्त्रक्रियेआधी, गरोदरपणात किंवा रक्तदानाच्या वेळी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी यांच्या तपासण्या बऱ्याच ठिकाणी होतात, पण त्या स्वतंत्र तपासण्या असतात आणि एचआयव्हीसाठी तुमची संमती घेणं अपेक्षित असतं. रिपोर्टमध्ये एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) अशी नावं छापलेली नसतील तर त्या झाल्या असं धरू नका. सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा टीपीएचए वेगळी. गोनोरिया आणि क्लॅमिडिया तर रक्तात शोधतच नाहीत. त्यासाठी लघवी किंवा स्वॅब लागतो. फुकटात एचआयव्ही कळेल म्हणून रक्तदान करणं मात्र धोक्याचं आहे, आणि धोका दुसऱ्याला आहे. संसर्ग नुकताच झाला असेल तर तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि ती पिशवी कुणाला तरी चढते.

गर्भधारणा. तिच्यासाठी बीटा-एचसीजी ही गर्भधारणेच्या संप्रेरकाची तपासणी लागते, रक्तातून किंवा लघवीतून. एक्स-रे, सीटी किंवा भूल देण्याआधी बरेच दवाखाने ती करतात, पण करतीलच असं गृहीत धरू नका. शक्यता असेल तर स्वतः सांगा.

दारू आणि नशेचे पदार्थ. हे नेहमीच्या संचात नसतात. बेशुद्ध रुग्ण, अपघात, विषबाधेचा संशय किंवा पोलिसांचं प्रकरण असेल तर तपासतात, आणि नशेच्या पदार्थांसाठी सहसा लघवी घेतात. एमसीव्ही किंवा जीजीटी (यकृताचं एक विकर) वाढलेला पाहून डॉक्टरांना दारूची शंका येऊ शकते, पण ते पुराव्यादाखल नाही; दोन्हींना इतर कारणं असतात. इथे माझं मत स्पष्ट आहे: कळेल की नाही याचा हिशोब मांडत बसण्यापेक्षा भूलतज्ज्ञांना एकांतात खरं सांगून टाका. रोज पिणाऱ्याची दारू ॲडमिट झाल्यावर अचानक बंद होते आणि एक-दोन दिवसांत हात थरथरणं, भ्रम, फिट असे प्रकार सुरू होतात. कारण आधी माहीत असेल तर त्यावर औषध देता येतं.

कॅन्सर. रक्ताचे काही कॅन्सर सीबीसीत किंवा स्लाइडवर उघडे पडतात. स्तन, फुप्फुस, आतडं, गर्भाशयमुख यांचे सुरुवातीच्या टप्प्यावरचे कॅन्सर नेहमीच्या रक्त तपासणीत बहुधा काहीच खूण ठेवत नाहीत. त्यांच्या चाचण्या वेगळ्या: स्तनांसाठी मॅमोग्राफी, गर्भाशयमुखासाठी पॅप किंवा एचपीव्ही, आतड्यासाठी शौचातलं रक्त शोधणारी चाचणी किंवा कोलोनोस्कोपी, आणि वर्षानुवर्षं धूम्रपान केलेल्यांसाठी कमी मात्रेचा सीटी स्कॅन. पॅकेजमध्ये सीए-१२५, सीईए अशी नावं दिसली की लोकांना फार भारी तपासणी केल्यासारखं वाटतं. सीए-१२५ मासिक पाळीत आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढतो, सीईए धूम्रपानाने वाढतो. हे मार्कर मुख्यतः उपचार सुरू असलेल्या रुग्णाची प्रगती बघायला कामाचे आहेत. धडधाकट माणसाला त्यांतून बहुतेक वेळा घोरच मिळतो. नेहमीच्या रिपोर्टमधली खरी महत्त्वाची खूण वेगळीच असते आणि ती सुटून जाते: पाळी थांबलेल्या स्त्रीत किंवा पुरुषात लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय. तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही, पोटात कुठे रक्त झिरपतंय का ते पाहावं लागतं.

हृदय. कोलेस्टेरॉल हा जोखमीचा आकडा आहे. रक्तवाहिनीत अडथळा आहे की नाही ते त्यातून दिसत नाही. ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर वाढतं, तेही थोड्या वेळाने. छातीत दुखायला लागल्यावर लगेच घेतलेलं पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल असलं तरी काही तासांनी दुसरं घेतात. पहिला आकडा बरा आला म्हणून उठून घरी जाऊ नका.

बाकीचं थोडक्यात. थायरॉइडचं टीएसएच, ड जीवनसत्त्व, बी-१२, फेरिटिन, संधिवातासारख्या आजारांचं एएनए, रक्तगट, जनुकीय दोष यांपैकी काहीही सीबीसीत नसतं. हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, आणि ते फेरिटिनवरूनच कळतं.

पायरी ४ : हवं ते नाव घेऊन मागा

‘सगळ्या तपासण्या करा’ असं म्हटल्याने सगळ्या होत नाहीत, नको त्या मात्र होतात. आपली भीती किंवा तक्रार नेमकी सांगा. ‘मला सहा महिन्यांपासून थकवा आहे, केस गळतात, पाळीत रक्तस्राव जास्त होतो’ असं सांगितलंत तर फेरिटिन आणि टीएसएच डॉक्टरांच्या मनात आपोआप येतात. ‘असुरक्षित संबंध आला होता, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी तपासायचं आहे’ हे एवढं वाक्य पुरतं. संकोच वाटला तर लिहून द्या.

संसर्गाच्या तपासण्यांत तारीख फार महत्त्वाची. प्रयोगशाळेतली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी एचआयव्ही साधारण १८ ते ४५ दिवसांत पकडते, फक्त अँटिबॉडी शोधणारी २३ ते ९० दिवसांत, आणि विषाणूचा थेट शोध घेणारी एनएटी १० ते ३३ दिवसांत. म्हणजे शनिवारच्या प्रसंगाचं उत्तर सोमवारच्या रक्तात नसतं. पण सोमवारी डॉक्टरांकडे जाणं मात्र अत्यंत गरजेचं आहे, कारण एचआयव्ही टाळण्याची पीईपी ही औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी दिसायला ८ ते ११ आठवडे लागू शकतात. घाई असेल तर आरएनए चाचणी विचारा.

पायरी ५ : सुई टोचण्याआधी

उपाशीपोटी सांगितलं असेल तर ८ ते १२ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, किंबहुना प्यावं, म्हणजे शीर सापडते. आदल्या दिवशी जड व्यायाम टाळा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडचे आणि ट्रोपोनिनचे काही रिपोर्ट चुकवतं. साध्या तपासणीआधी डॉक्टरांना विचारून ते किमान २ दिवस बंद ठेवतात. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेत असतील तर दुसऱ्या हाताची आठवण करून द्या, नाहीतर सलाइनच मोजलं जातं. मूठ जोरजोराने उघडझाप करू नका, पोटॅशियम खोटं वाढतं. नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लावायला सांगण्यात गैर काहीच नाही.

पायरी ६ : आकडा वाचताना

शेजारी छापलेली मर्यादा बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे शंभर ठणठणीत माणसांपैकी पाच जण मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या तर निदान एकीत तरी लाल खूण येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. साठ-सत्तर तपासण्यांच्या मोठ्या पॅकेजबद्दल माझा उत्साह कमी आहे तो या गणितामुळे.

म्हणून किंचित वर-खाली असलेल्या एकट्या आकड्यावर धावपळ करू नका. आधीचा रिपोर्ट काढा आणि शेजारी ठेवा. वर्षानुवर्षं १५ असलेलं हिमोग्लोबिन १३.२ झालं तर लाल खूण येणार नाही, पण का घटलं ते विचारायला हवं. ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर नळीत पेशी फुटल्यात; तिथलं वाढलेलं पोटॅशियम पुन्हा तपासल्याशिवाय खरं मानायचं नाही. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळवताना एकक बघा: साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर म्हणजेच ५.६ मिलिमोल प्रति लीटर. एएनए अगदी कमी पातळीला, १:४० ला, पॉझिटिव्ह येणं चारपैकी सुमारे एका निरोगी माणसात आढळतं. लक्षणं नसतील तर इंटरनेटवर ल्युपस शोधत रात्र काढू नका.

पायरी ७ : रिपोर्ट नॉर्मल, त्रास मात्र तसाच

तेव्हा डॉक्टरांना ‘मग मला काय झालंय?’ असं विचारण्यापेक्षा ‘या तपासण्यांनी कोणते आजार बाद झाले आणि कोणते अजून शिल्लक आहेत?’ असं विचारा. उत्तर बहुधा रक्ताच्या बाहेरचं निघतं: रक्तदाब, ईसीजी, सोनोग्राफी, झोप, एखाद्या गोळीचा दुष्परिणाम, नैराश्य. मायग्रेन किंवा आयबीएस (आतड्यांचा वारंवार होणारा त्रास) ठरवणारी रक्त तपासणी नाही; ते निदान तुमच्या सांगण्यावर उभं असतं, म्हणून त्रास कधी, किती वेळ, कशाने वाढतो हे लिहून न्या. गंभीर आजारात ॲडमिट असताना काढलेलं टीएसएच कधीकधी आजारामुळेच बदललेलं असतं. बरं झाल्यावर सहा-एक आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं.

पायरी ८ : घरी जाण्याआधी एक शेवटचा प्रश्न

‘कोणते रिपोर्ट अजून यायचेत?’ ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) साधारण पाच दिवस वाढीला ठेवतात, बायोप्सी आणि बाहेर पाठवलेल्या तपासण्यांना त्याहूनही वेळ लागतो. रुग्ण तोपर्यंत घरी गेलेला असतो आणि रिपोर्ट फाइलमध्ये पडून राहतो. डिस्चार्ज कार्डावर त्या तपासणीचं नाव, रिपोर्टची अपेक्षित तारीख आणि तो कोण पाहणार हे लिहून घ्या. त्या तारखेला फोन आला नाही तर दुसऱ्या दिवशी तुम्ही करा. फोन आला नाही याचा अर्थ रिपोर्ट चांगला आला असा होत नाही.